पाचव्या टोपलीवरची नारिंगी तबकडी

मित्रांनो, मी एक जुनी नारिंगी तबकडी आहे. जेवणाच्या ताटलीहून थोडी लहान, कडेला पातळ आणि मधोमध रंग विटलेली. माझ्यासारख्या वस्तू आपली कहाणी सांगताना आपण किती उपयोगी पडलो ते सांगतात. मलाही तसं सांगता आलं असतं, कारण माझं कौतुक पुष्कळ झालं. पण ज्या दिवशी माझं सर्वांत जास्त कौतुक झालं, त्या दिवशी मला तोंड लपवायला जागा नव्हती. तेच मला सांगायचं आहे.

माझा जन्म फार दूरच्या एका कारखान्यात झाला. वितळलेलं प्लॅस्टिक साच्यात ओतलं गेलं, साचा दाबला गेला आणि थोड्याच वेळात मी गरम गरम बाहेर पडले. तिथल्या माणसाने मला तराजूवर ठेवलं, बोटावर फिरवून पाहिलं आणि खोक्यात टाकलं. डिस्क गोल्फ नावाच्या खेळासाठी मी बनले होते. या खेळात काठी नसते, चेंडू नसतो. लांबवर एका खांबाला साखळ्या लटकवलेल्या असतात आणि त्यांच्याखाली लोखंडी टोपली असते. तबकडी फेकत फेकत त्या टोपलीपर्यंत न्यायची. कमीत कमी फेकींत जो पोहोचवील तो जिंकला. माझ्या काही बहिणी जवळच्या फेकीसाठी होत्या, जाड आणि बोथट कडेच्या. मी लांबच्या फेकीसाठी होते, म्हणून माझी कड पातळ होती. या कडेचा मला फार अभिमान वाटायचा.

छत्रपती संभाजीनगरात हर्सूलच्या पुढे, डोंगराच्या बाजूला एक कॉलेज आहे. तिथले खेळाचे शिक्षक शिवशंकर सर यांनी आम्हा सहा जणींना मागवून घेतलं. कॉलेजच्या मागे मुरमाड पडीक जमीन होती. क्रिकेटला ती सपाट नव्हती आणि कबड्डीला मऊ नव्हती. सरांनी तीच निवडली. वाळूजच्या एका वेल्डरकडून नऊ टोपल्या करून घेतल्या आणि सुबाभळी, कडुनिंब व कोरड्या ओढ्याच्या मधून नऊ वाटा आखल्या. सुरुवातीला मुलं हसायची. "सर, हे ताटल्या फेकायचं कधी शिकवणार?" असं विचारायची. मग एकाची तबकडी साखळीवर जाऊन आदळली, खळ्ळ असा आवाज झाला, आणि त्या आवाजाने सगळ्यांना वेड लावलं.

मी विश्वजीतच्या वाट्याला आले. तो गंगापूर तालुक्यातला, शेतकऱ्याच्या घरचा. खांदे रुंद, मनगट मजबूत. तो मला फेकायचा तेव्हा मी जमिनीपासून दोन पुरुष उंच जायचे, सरळ धावायचे आणि शेवटी हलकेच डावीकडे वळायचे. त्याच्याइतकीच चांगली खेळायची ती सुकेशनी. ती भावसिंगपुऱ्याहून सिटी बसने यायची. तिची तबकडी पिवळी होती. ती ताकदीने खेळत नसे. आधी उभी राहून वारा बघायची, मग फेकायची. विश्वजीत तिला म्हणायचा, "तू फेकायच्या आधी पंचांग बघतेस का गं?" ती म्हणायची, "तू बघत नाहीस, म्हणून तर तुझी झुडपात जाते."

ते खरंच होतं. मी पुष्कळदा झुडपात जायचे, आणि तिथून मला शोधून काढायच्या चतुराबाई.

चतुराबाई कॉलेजच्या झाडांना पाणी घालायच्या. हर्सूलच्या पलीकडच्या एका गावातून त्या चालत यायच्या. त्यांच्या घरी पूर्वी मोठा मेंढ्यांचा कळप होता, आता आठ-दहाच मेंढ्या उरल्या होत्या. माळावर हरवलेलं कोकरू शोधून शोधून त्यांची नजर अशी तयार झाली होती की, वाळल्या गवतात पडलेली तबकडी त्यांना वीस पावलांवरून दिसायची. मला उचलून, पदराने पुसून त्या हाक मारायच्या, "ए लेकरा, तुझं झाकण घे!" त्या आम्हाला झाकणच म्हणायच्या. विश्वजीत धावत यायचा आणि म्हणायचा, "मावशी, तुम्ही नसतात तर आमचा खेळच बंद पडला असता." तीनदा त्यांनी मला घाणेरीच्या काट्यांतून काढलं. हे सांगताना माझी मान वर होत नाही.

फेब्रुवारीत पुण्याला कॉलेजांच्या स्पर्धा होत्या. सरांना चार खेळाडू न्यायचे होते. तीन ठरले होते. चौथी जागा विश्वजीतला की सुकेशनीला, एवढंच ठरायचं राहिलं होतं. चार दिवस सराव बघून सर ठरवणार होते. तिसऱ्या दिवसाअखेर सुकेशनी दोन फेकींनी पुढे होती.

चौथ्या दिवशी दुपारी सगळे मैदानावर विखुरले होते. विश्वजीत पाचव्या टोपलीच्या सुरुवातीला एकटाच उभा होता. पाचवी टोपली तिथून दिसत नाही. मध्ये सुबाभळीची दाट रांग आहे, वाट तिला वळसा घालून जाते. तिथे सरांचा एकच नियम होता. फेकण्याआधी मोठ्याने "सांभाळा!" असं ओरडायचं, पलीकडून काही आवाज येतो का ते ऐकायचं आणि मगच फेकायचं. रोज चार वाजेपर्यंत चतुराबाईंचं तिथलं काम संपलेलं असायचं. त्या दिवशी लाईट गेल्यामुळे मोटार उशिरा सुरू झाली होती. पाचव्या टोपलीजवळच्या कडुनिंबाच्या रोपांपाशी त्या रबरी नळी ओढत होत्या. विश्वजीतला ते माहीत नव्हतं. माहीत करून घ्यायला त्याने ओरडलं पाहिजे होतं, पण तो ओरडला नाही. दोन फेकींची पिछाडी त्याच्या डोक्यात घोळत होती. त्याने दात आवळले, तीन पावलं धावला आणि मला सोडलं.

मित्रांनो, ती माझ्या आयुष्यातली सर्वांत सुंदर फेक होती, आणि ती सुंदर होती हे मला त्या क्षणी कळत होतं. मी सुबाभळीच्या शेंड्यांवरून गेले. कानाशी वारा शिट्टी घालत होता. मी खूश होते. डावीकडे वळून खाली येताना मला आधी हिरवं लुगडं दिसलं, मग वाकलेली पाठ दिसली, आणि नेमक्या त्याच वेळी चतुराबाई नळी सोडवायला उभ्या राहिल्या. माझी पातळ कड त्यांच्या डाव्या भुवईवर बसली.

"अगं आई गं!" एवढंच त्या ओरडल्या आणि खाली बसल्या. मी उडून घाणेरीत पडले.

सुकेशनी शेजारच्या सहाव्या वाटेवर होती. सर्वांत आधी तीच धावत आली. तिने आपली ओढणी काढून चतुराबाईंच्या कपाळावर दाबून धरली. "मावशी, डोळा उघडू नका. मी धरलंय, मी धरलंय." तिचे दोन्ही हात रक्ताने भरले. तिची पिवळी तबकडी तिने मघाशीच फेकलेली होती आणि ती तिथून दहा पावलांवर गवतात पडली होती.

विश्वजीत सुबाभळीला वळसा घालून आला. त्याने पाहिलं आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. तो आधी चतुराबाईंकडे गेला नाही, मित्रांनो. तो घाणेरीकडे आला. मला उचललं, पँटीला पुसलं आणि पिशवीत टाकलं. मग तो पुढे गेला आणि सुकेशनीला हात धुवायला पाण्याची बाटली दिली.

शिवशंकर सर पळत आले. त्यांना रक्ताळलेल्या हातांची सुकेशनी दिसली आणि जवळ पडलेली पिवळी तबकडी दिसली.

"ही कुणाची?" सरांनी विचारलं.

"माझी आहे सर. पण मी आधीच फेकलेली, ती इथं येऊन पडलेली होती. ह्यांना लागलेली ही नाही."

"मग कुठली लागली? दुसरी दिसतेय का इथं कुठं?"

सुकेशनीने आजूबाजूला पाहिलं. दुसरी नव्हती, कारण दुसरी पिशवीत होती. सरांनी विश्वजीतला विचारलं, "तू काही पाहिलंस?"

पिशवीच्या आत मला त्याचा श्वास ऐकू येत होता.

"मी मागं होतो सर," तो म्हणाला. "मला नाही दिसलं."

चतुराबाईंना रिक्षातून दवाखान्यात नेलं. भुवईवर सहा टाके पडले आणि डोळा सुजून बंद झाला. सुकेशनीने सरांना पुन्हा पुन्हा सांगितलं. सर तिच्यावर ओरडले नाहीत, पण त्यांनी विश्वासही ठेवला नाही. "चूक कुणाकडूनही होते, सुकेशनी. पण कबूल करायला पाहिजे," असं ते सगळ्यांसमोर म्हणाले. ती उभी राहून ऐकत होती. पुण्याच्या यादीतून तिचं नाव गेलं आणि त्या जागी विश्वजीतचं आलं. तिने मैदानावर येणं बंद केलं. कॅन्टीनमध्ये पोरं तिला बघून एकमेकांना कोपर मारायची. "हीच ना ती, डोळा फोडणारी?"

विश्वजीतने मला घासून घासून धुतलं. माझ्या कडेवर काहीही राहिलं नव्हतं, तरी तो घासत होता. त्याने कुणाचं वाईट योजलं नव्हतं. तो घाबरला होता, आणि एकदा गप्प राहिल्यावर पुढचा प्रत्येक दिवस त्याला जास्त जड जात होता. हे मी त्याची बाजू घेऊन सांगत नाही. त्याच्या पिशवीत राहून मला जे कळलं ते सांगते आहे.

पुण्याला गेलो. मला वाटत होतं, आता मी वाकडं जावं, दगडावर आपटावं, तुटावं. पण तबकडीला मन असलं तरी तिची मर्जी चालत नाही. हात फेकील तशी ती जाते. लांब फेकीच्या स्पर्धेत विश्वजीतने मला सोडलं आणि मी सगळ्यांच्या पुढे जाऊन पडले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अनोळखी मुलांनी मला हातात घेऊन पाहिलं. "काय डिस्क आहे यार! कड बघ हिची!" ज्या कडेचा मला अभिमान होता, तिच्यावरून ते बोट फिरवत होते. मला ती कड नकोशी झाली होती.

परत आल्यावर कॉलेजच्या सभागृहात सकाळी सत्कार ठेवला होता. कॉलेजच्या बागेतल्या झेंडूचे गुच्छ करून आणायचं काम चतुराबाईंना दिलं होतं. त्या आठ दिवसांपूर्वीच कामावर परत आल्या होत्या. टाके निघाले होते, पण भुवईवर जाड व्रण होता. डाव्या डोळ्याला एका बाजूने धूसर दिसायचं. कुणी डाव्या अंगाने आलं तर त्या दचकायच्या.

कार्यक्रम सुरू व्हायला वेळ होता. विश्वजीत पुढच्या खुर्चीवर मला मांडीवर घेऊन बसला होता. चतुराबाई गुच्छांची पाटी घेऊन त्याच्याजवळ आल्या.

"लई नाव काढलंस म्हनं लेकरा. हेच का ते लांब गेल्यालं झाकण?"

त्यांनी पाटी खाली ठेवून मला उचललं आणि उजव्या डोळ्याजवळ नेऊन पाहिलं.

"नारंगी हाय," त्या म्हणाल्या. मग थोडं थांबून म्हणाल्या, "मला लागलं ते बी नारंगीच दिसल्यालं. म्या दवाखान्यात सांगत व्हते. पर नर्सबाई म्हनली, गप पडून ऱ्हावा."

त्यांच्या बोलण्यात संशय नव्हता. त्या फक्त दिसलेलं सांगत होत्या.

"मावशी," तो अगदी हळू म्हणाला, "तीच आहे ही. मी फेकली होती. मी ओरडलो पण नव्हतो."

मला वाटलं, आता त्या मला त्याच्या तोंडावर फेकतील. फेकलं असतं तर मला बरं वाटलं असतं. पण त्यांनी मला शेजारच्या खुर्चीवर ठेवलं, त्याच्या मांडीवर नाही.

"मला कशाला सांगतूस?" त्या म्हणाल्या. "माझं लागल्यालं मला ठावं हाय. त्या पोरीनं माझं डोस्कं मांडीवर घेतलं व्हतं. तिला जाऊन सांग. आन् सगळ्यांच्या म्होरं सांग. तिला बोल लावला तो बी सगळ्यांच्या म्होरंच लावला की."

त्यांनी पाटी उचलली आणि पुढे गेल्या.

मित्रांनो, तुम्हाला वाटेल की विश्वजीत लगेच मंचावर गेला असेल. तो गेला नाही. त्याचं नाव पुकारलं, त्याने गुच्छ घेतला, फोटो काढला आणि खाली येऊन बसला. शेवटच्या रांगेत बसलेली सुकेशनी टाळ्या न वाजवता मधूनच उठून बाहेर गेली. चतुराबाईंनी दारातून हे सगळं पाहिलं आणि नळी घेऊन बागेकडे गेल्या. माझ्यासाठी ती भुवईवरच्या जखमेपेक्षा मोठी लाज होती. आधीची चूक घाईची होती. ही दुसरी त्याने पूर्ण भानावर राहून, झेंडूचा गुच्छ हातात धरून केली होती.

दुसऱ्या दिवशी तो दोनदा सरांच्या खोलीच्या दारापर्यंत गेला आणि दोनदा परत फिरला. तिसऱ्यांदा सरच बाहेर आले. "काय रे, काय करायलास इथं?" त्याने मला पिशवीतून काढून त्यांच्या हातात दिलं आणि सगळं सांगितलं.

सरांनी माझ्या कडेवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "चल मैदानावर. सगळ्यांना बोलाव. चतुराबाईंना पण. आणि सुकेशनीला निरोप दे, मी विनंती करतोय म्हणून सांग."

सुकेशनी आली, पण लांब उभी राहिली. विश्वजीतने सांगितलं. त्याने काही गाळलं नाही. घाणेरीतून मला उचललं तेही सांगितलं, पँटीला पुसलं तेही. मग सर पुढे आले. "माझीही चूक आहे," ते म्हणाले. "मी एक पिवळी डिस्क बघितली आणि पुढं शोधलंच नाही. सुकेशनी सांगत होती, तिचं ऐकलं नाही. चतुराबाईंना तर विचारलंसुद्धा नाही. सुकेशनी, मी तुझी माफी मागतो."

"सर, मी त्याच दिवशी सांगितलं होतं," सुकेशनी म्हणाली. मग तिने विश्वजीतकडे पाहिलं. "माझ्या हाताला रक्त होतं. तू मला पाण्याची बाटली दिलीस. मला वाटलं, चला, एक तरी माणूस माझ्या बाजूनं आहे."

तिने उत्तराची वाट पाहिली नाही. ती चतुराबाईंच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

विश्वजीतने पदक सरांकडे परत दिलं. वर्षभर त्याला संघातून काढलं. चतुराबाईंना घेऊन तो शहरातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेला. त्यांनी सांगितलं, दिसायचं तेवढं दिसेल, कडेचं मात्र धूसरच राहील. सरांनी पाचव्या टोपलीचा नियम बदलला. आता आधी एकाने पुढे जाऊन वाट मोकळी आहे का ते बघायचं आणि हात वर करायचा, तोपर्यंत कुणी फेकायचं नाही. विश्वजीतने सरांना विचारून ते काम मागून घेतलं. रोज दुपारी तो सुबाभळीच्या वळणावर उन्हात उभा राहायचा. मी सरांच्या कपाटात पडून होते.

महिनाभराने सुकेशनी परत खेळायला लागली. कुणी तिला गळ घातली नव्हती. एक दिवस घरी जायची बस सोडून ती मैदानावर आली, एवढंच. तिच्या पिवळ्या तबकडीला चीर गेली होती, म्हणून सरांनी कपाट उघडून मला तिच्यापुढे धरलं. "चालेल का?" तिने मला हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. मग म्हणाली, "चालेल सर. हिनं काय केलंय?"

मित्रांनो, हे वाक्य मला चाबकासारखं लागलं.

ती पाचव्या वाटेवर उभी राहिली. पलीकडून विश्वजीतने सगळीकडे नीट पाहिलं आणि हात वर केला. वाट खरंच मोकळी होती. सुकेशनीने मला उचललं, खांद्यामागे नेलं आणि थांबली. मला हलकेच जमिनीवर ठेवून ती चालत निघाली. सुबाभळीला वळसा घालून टोपलीपर्यंत गेली. झुडपांमागे, रोपांमागे, ओढ्यात, सगळीकडे तिने स्वतः पाहिलं. विश्वजीतच्या समोरून ती गेली आणि समोरूनच परत आली. त्याचा हात वरच होता.

मग तिने मला फेकलं. मी टोपलीपासून चार हातांवर पडले. चांगली फेक होती. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

मित्रांनो, तुमच्या हातात बॅट असेल, गोफण असेल, सायकल असेल किंवा माझ्यासारखी एखादी तबकडी. ती सोडण्याआधी पुढे कोण आहे ते बघा आणि हाक द्या. तरीही चूक झालीच, तर आधी पडलेल्या माणसाकडे धावा, वस्तूकडे नको. आणि त्याच दिवशी, त्याच जागी उभं राहून सांगा. विश्वजीत अजून रोज वळणावर उभा असतो आणि सुकेशनी अजून रोज स्वतः चालत जाऊन बघून येते.